खाऊ की खेळणे?

शाळेजवळच्या एखाद्या दुकानातल्या बरण्यांवर नजर टाकली, तर खाऊ कुठे संपतो आणि खेळणे कुठे सुरू होते, हे मोठ्यांनाही चटकन सांगता येत नाही. बोटात घालायची अंगठीची गोळी, लिपस्टिकसारखी वरखाली होणारी गोळी, चोखता चोखता वाजवायची शिट्टी, मनगटावर बांधायचे गोळ्यांचे घड्याळ, एकमेकांवर रचता येणारे साखरेचे रंगीत ठोकळे. सात-आठ वर्षांच्या मुलाला त्यात निव्वळ गंमत असते. प्रश्न आहे तो त्याच खोलीत दुडुदुडु फिरणाऱ्या दीड-दोन वर्षांच्या धाकट्या भावंडाचा.

ही कल्पना नवी नाही. उत्तर भारतात दिवाळीला साखरेचे हत्ती-घोडे मिळतात आणि त्यांना चक्क ‘खिलौने’च म्हणतात. आपल्याकडे पहिल्या संक्रांतीला बाळाला हलव्याचे दागिने घालतात. मग खेळण्याच्या आकाराचा खाऊ खरोखर धोकादायक आहे का? थोडक्यात उत्तर असे : आकारापेक्षा माप आणि घट्टपणा अधिक घातक आहेत, पण आकार त्या धोक्यात भर घालतो.

तान्ह्यांची कसोटी : तोंड

लहान मूल जगाची ओळख तोंडाने करून घेते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मुलांसमोर नाना वस्तू ठेवल्या होत्या. त्यात पीनट बटर आणि उग्र वासाच्या चीजपासून बनवलेली कुत्र्याची नकली विष्ठाही होती. अडीच वर्षांखालच्या निम्म्याहून अधिक मुलांनी ती खाल्ली. ‘हे खायचे नसते’ ही समज या वयानंतर हळूहळू येते. म्हणजे दीड वर्षाच्या मुलाने ठोकळा तोंडात घालायला गोळीने त्याला शिकवण्याची गरज नसते. तो तसाही घालणारच. पण समज येऊ लागते त्या वयात एक ठोकळा गोड आणि त्याच्यासारखाच दुसरा प्लॅस्टिकचा असेल, तर मुलाला शिकवायची गोष्ट अवघड होते.

दुसरा प्रयोग २००४ चा. ज्युडी डीलोश आणि सहकाऱ्यांना असे आढळले, की दीड ते अडीच वर्षांची मुले कधी कधी बोटभर मोटारीत पाय घालून बसण्याचा मनापासून प्रयत्न करतात. वस्तूचा आकार दिसला, की तिच्याशी जोडलेली कृती सुरू होते आणि मापाचे भान सुटते. याचा खाऊशी संबंध आहे. मोटारीच्या आकाराची गोळी हाती आली, की मूल ती पळवणार, चोखणार, पुन्हा पळवणार. खाताना खेळणे, धावणे, हसणे आणि पडणे यांमुळेच घास चुकीच्या नळीत जाण्याची शक्यता वाढते.

श्वासाची वाट किती अरुंद?

पहिल्या दाढा साधारण वर्ष ते दीड वर्षाच्या सुमारास येतात, दुसऱ्या दोन-अडीच वर्षांपर्यंत. तोपर्यंत मूल पुढच्या दातांनी तुकडा तोडू शकते, पण तो नीट दळू शकत नाही. त्याच्या खोकल्यातही मोठ्यांइतका जोर नसतो. शिवाय श्वासनलिका अरुंद. नळीची त्रिज्या निम्मी झाली, तर हवेला होणारा अडथळा सुमारे सोळापट वाढतो. त्यामुळे मोठ्या माणसाला नुसता ठसका लागेल, एवढ्या तुकड्याने लहान मुलाचा श्वास बंद पडू शकतो. गोल, गुळगुळीत आणि टणक वस्तू सर्वांत वाईट, कारण ती बूच बसावे तशी बसते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना चार वर्षांखालच्या मुलांना टणक गोळ्या, अख्खे शेंगदाणे, अख्खी द्राक्षे देऊ नयेत असे सांगते.

मऊ पदार्थही सुरक्षित असतोच असे नाही. छोट्या कपातून ओठांनी ओढून घ्यायची कोंजॅकयुक्त जेली तोंडात सहज विरघळत नाही. तिने गुदमरून अनेक मुले दगावल्यानंतर युरोपीय संघाने २००२ मध्ये अशा जेलीची विक्री थांबवली. अमेरिकेत २०२३ मध्ये फिरत्या गोळ्याने गोड द्रव चाटायच्या खाऊतला गोळा निसटून घशात अडकला आणि सात वर्षांची मुलगी मरण पावली. त्यानंतर तो प्रकार बाजारातून कोट्यवधींच्या संख्येने परत मागवण्यात आला. तिथे खाऊ घातक नव्हता; खाऊचे खेळणे झालेला भाग घातक होता.

कायद्यातली फट

खेळण्यांसाठी नियम स्पष्ट आहे. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्याचा कोणताही सुटा भाग सुमारे ३२ मिलिमीटर व्यासाच्या चाचणी-नळीत पूर्ण मावता कामा नये. भारतातही १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. गोळी मात्र कायद्याच्या नजरेत खेळणे नसून अन्न आहे. तिच्यातले घटक, रंग आणि वेष्टनावरची माहिती तपासली जाते. या नळीतून तिला जावे लागत नाही. खेळण्यासारखी दिसणारी, खेळण्यासारखी वापरली जाणारी वस्तू खेळण्याच्या कसोटीतून सुटते ती अशी.

खाऊच्या आत खेळणे असेल, तर अनेक देश अधिक कडक आहेत. अमेरिकेच्या १९३८ च्या कायद्याने मिठाईच्या आत अखाद्य वस्तू दडवण्यास मनाई आहे. म्हणूनच पोटात खेळणे असलेली चॉकलेटची अंडी तिथे विकता येत नाहीत. युरोपात खाऊसोबतच्या खेळण्याला स्वतंत्र वेष्टन लागते. बारामतीच्या कारखान्यात तयार होणाऱ्या ‘किंडर जॉय’मध्येही म्हणूनच खाऊ एका अर्ध्या भागात आणि खेळणे दुसऱ्या अर्ध्या भागात, असे वेगवेगळे बंद केलेले असतात. वेष्टन वेगळे असले, तरी त्या खेळण्यावरची वयाची सूचना वाचायला हवीच. २०१७ मध्ये आंध्र प्रदेशात खाऊच्या पाकिटातले प्लॅस्टिकचे खेळणे गिळून चार वर्षांचा मुलगा दगावला होता.

घरात काय करावे?

माप ओळखायला दहा रुपयांचे नाणे पुरे. त्याचा व्यास २७ मिलिमीटर आहे. त्याहून लहान गोळी, मणी किंवा ठोकळा चाचणीच्या नळीत सहज जातो, म्हणजे तो तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती नको. दिवा लागणाऱ्या लॉलीपॉपमध्ये बटणासारखा सेल असतो. तो अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतही गंभीर भाजल्यासारखी इजा करतो. सेल गिळल्याची नुसती शंका आली, तरी थेट रुग्णालय गाठावे.

बोरन्हाणात तर बोरे, शेंगा, हरभरे, गोळ्या असे सारेच जिन्नस बाळाच्या डोक्यावरून ओतले जातात. प्रथा सोडण्याची गरज नाही. लूट संपेपर्यंत बाळ मोठ्या माणसाच्या मांडीवर ठेवावे, जमीन झाडून घेतल्यावरच खाली सोडावे आणि हलव्याचे दागिने फोटो झाल्यावर लगेच काढावेत. खाऊ कोणताही असो, तो बसून, समोर मोठे माणूस असताना खायचा.

मूल जोरात खोकत असेल, तर त्याला खोकू द्यावे. आवाज फुटत नसेल, श्वास घेता येत नसेल, तर एकाने १०८ ला फोन करावा आणि दुसऱ्याने लगेच उपचार सुरू करावेत. मुलाला पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच जोरदार थापा माराव्यात. मग मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर, आत आणि वरच्या दिशेने पाच झटके द्यावेत. वस्तू बाहेर येईपर्यंत हे आलटूनपालटून करावे. वर्षाच्या आतल्या बाळाच्या पोटावर झटके देऊ नयेत. त्याला हातावर पालथे धरून थापा, मग उताणे करून छातीच्या मध्यभागी दाब द्यावा. मूल बेशुद्ध झाल्यास छातीवर दाब देऊन सीपीआर सुरू करावा. वस्तू दिसत नसताना घशात बोट घालू नये, ती आणखी खाली जाते.

ठसका थांबला, म्हणजे वस्तू बाहेर पडली असे नाही. ती खाली एका फुफ्फुसाच्या वाटेत जाऊन बसली, तर मूल काही वेळ अगदी बरे दिसते. प्लॅस्टिक किंवा शेंगदाणा साध्या एक्स-रेमध्ये उमटत नाही. त्यामुळे न थांबणारा खोकला, एकाच बाजूची घरघर किंवा पुन्हा पुन्हा होणारा न्यूमोनिया यांसाठी डॉक्टरांकडे जाताना, काही दिवसांपूर्वी लागलेला तो ठसका आठवणीने सांगावा. निदान बहुतेक वेळा त्या एका वाक्यावर अवलंबून असते.