बोल्टातली ऊब

उणे 25 अंशांत उघड्यावर रात्र काढलेली मोटार सकाळी सहसा दाद देत नाही. ऑइल घट्ट झाल्याने क्रँकशाफ्ट फिरवायला नेहमीपेक्षा कितीतरी जास्त जोर लागतो. तो जोर जिच्याकडून मिळायचा, त्या बॅटरीची ताकद उणे 18 अंशांनाच साधारण निम्म्यावर आलेली असते. गारठलेल्या सिलिंडरात पेट्रोलची नीट वाफही होत नाही. डिझेल इंजिनाचे हाल आणखी वाईट, कारण तिथे ठिणगीच नसते. दाबल्याने तापलेल्या हवेत इंधन पेटायचे असते आणि ती उष्णता थंड लोखंडच शोषून घेते. ब्लॉक हीटर बॅटरीला हात लावत नाही. तो इंजिनाच्या पोटातले कूलंट कोमट ठेवतो, त्यातून लोखंड आणि काही प्रमाणात ऑइल ऊब धरते, आणि सेल मारल्यावर इंजिन फिरते.

हे उपकरण येण्याआधी उत्तर अमेरिकेतल्या मैदानी प्रांतांतले शेतकरी रात्री गरम इंजिनातले ऑइल काढून घरात शेगडीजवळ ठेवत आणि सकाळी पुन्हा ओतत. रेडिएटरचे पाणीही सोडून द्यावे लागे. कोणी इंजिनाखाली निखाऱ्यांचे घमेले सरकवी, वरून घोंगडी टाकी. या उपायात गाडी चालू होण्याइतकीच पेटण्याचीही शक्यता असे.

विजेचा तोडगा काढणाऱ्या माणसाचे नाव मोटारीच्या इतिहासात क्वचितच भेटते. अँड्र्यू फ्रीमन हा नॉर्थ डकोटातल्या ग्रँड फोर्क्सचा. तो मोटार कंपनीतला अभियंता नव्हता. ग्रामीण वीज सहकारी संस्थेचा व्यवस्थापक होता. 1930च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेतल्या दहापैकी नऊ शेतघरांत वीज नव्हती. 1935 साली ग्रामीण विद्युतीकरणासाठी सरकारी यंत्रणा उभी राहिली आणि सहकारी संस्थांमार्फत खांब शेतांपर्यंत पोचू लागले. फ्रीमनचे आयुष्य या कामात गेले. 1940च्या सुमारास त्याने भंगारातली तांब्याची नळी आणि जुन्या इस्त्रीतली तापणारी तार जोडून आपला पहिला हीटर तयार केला.

त्याची कल्पना मोठी बेरकी होती. इंजिनाला नवे भोक पाडायचे नाही, की कुठला भाग बदलायचा नाही. सिलिंडर हेड ब्लॉकवर आवळून धरणाऱ्या बोल्टांपैकी एक काढायचा आणि त्याच्या जागी आतून पोकळ, पोकळीत तापणारी तार असलेला बोल्ट बसवायचा. पाना हाताळता येणाऱ्या कोणाही शेतकऱ्याला ते जमण्याजोगे होते. 8 नोव्हेंबर 1949 रोजी या हीटरला अमेरिकेचे पेटंट मिळाले, क्रमांक 24,87,326. वीज विकणाऱ्या संस्थेला रात्रीचे गिऱ्हाईक हवेच असते, आणि हे उपकरण गाव झोपलेले असताना वीज खाते. शोधामागे धंद्याची नजर असली तर त्यात कमीपणा काहीच नाही. लाभ शेतकऱ्यालाही झाला आणि सहकारी संस्थेलाही.

पोकळ बोल्ट पुढे मागे पडला. आजचा हीटर बहुधा ब्लॉकच्या बाजूला, ओतकामाची भोके बुजवणाऱ्या पत्र्याच्या टोपणाच्या जागी बसतो. पाणी गोठले की ही टोपणे उडून ब्लॉक वाचावा म्हणून ती ठेवलेली असतात, हा समज मेकॅनिक मंडळींतही चिवट आहे. मुळात ती भोके ओतकामातली वाळू काढण्यासाठी असतात. गोठणाऱ्या पाण्याने कधी टोपण उडते, कधी ब्लॉकच तडकतो. रेडिएटरच्या होजमध्ये बसणारे हीटर आणि ऑइलच्या टाकीला खालून चिकटवायचे पॅड हेही चालतात. डिपस्टिकच्या जागी खुपसायचा हीटर मात्र घेऊच नये: ऊब जेमतेम, आणि सळईभोवतालचे ऑइल करपते ते वेगळेच.

मोटारीचा हीटर साधारण 400 ते 600 वॉटचा, मोठ्या डिझेल ट्रकचा 1,000 ते 1,500 वॉटचा असतो. बादलीत सोडायच्या रॉडचे जे पथ्य तेच याचे: पाण्याबाहेर तापवला की गेला. म्हणून कूलंटची पातळी पुरी हवी आणि नवा हीटर बसवल्यावर आत अडकलेली हवा काढायला हवी. कूलंटही गोठता कामा नये. इथिलिन ग्लायकॉल आणि पाणी यांचे निम्मे-निम्मे मिश्रण सुमारे उणे 37 अंशांपर्यंत तग धरते. हीटर शाबूत आहे का, हे प्लग सॉकेटबाहेर ठेवून ओहममापकाने कळते. 120 व्होल्टवर चालणाऱ्या 400 वॉटच्या हीटरचा रोध 36 ओहमच्या आसपास यावा. काहीच वहन दिसत नसेल तर तार तुटलेली आहे.

धोका बहुतेक वेळा वायरीत असतो. 1,000 वॉटचा हीटर 120 व्होल्टवर आठ अँपियरहून जास्त प्रवाह तासन् तास खेचतो. घरातली बारीक एक्स्टेन्शन वायर तेवढ्याने तापते आणि गुंडाळी करून ठेवली तर वितळू शकते. वायर बाहेरच्या वापराची, थंडीत न तडकणाऱ्या आवरणाची, अर्थिंगसह तीन पिनांची, जाड आणि शक्य तितकी आखूड हवी. सॉकेटला गळती होताच वीज तोडणारे संरक्षण हवे. जोड बर्फात किंवा डबक्यात पडू देऊ नये. महाराष्ट्रात तुटक्या वायरीला टेप गुंडाळून वर्षानुवर्षे काम भागवले जाते. विनिपेग किंवा एडमंटनला स्थायिक झालेल्यांनी ती सवय सोडलेली बरी. प्लगच्या पिना काळवंडल्या असतील, आवरण चिरले असेल किंवा हीटरजवळ कूलंटचा ओघळ दिसत असेल, तर दुरुस्ती होईपर्यंत जोडणी करू नये. हीटरमधल्या गळतीने शॉर्टसर्किट होऊन आग लागण्याच्या भीतीपायी कंपन्यांना हजारो गाड्या परत बोलवाव्या लागल्या आहेत.

रात्रभर चालू ठेवायचा की टायमर लावायचा, यावर कॅनडात घरोघरी वाद असतो. सरकारी सल्ला टायमरच्या बाजूचा आहे: निघण्याआधी दोन तास पुरेत. हिशेबही तेच सांगतो. 600 वॉटचा हीटर दहा तासांत सहा युनिट खातो, दोन तासांत सव्वा युनिटही नाही. आणि काही तासांनी इंजिनाचे तापमान चढायचे थांबते, पुढची वीज हवा तापवण्यात जाते. कडाका फार असेल तर तीन-चार तास द्यावेत. निघताना आधी प्लग काढावा, वायर ग्रीलमागे खोचावी, मगच सेल मारावा. बंद गॅरेजात इंजिन नुसते चालू ठेवून तापवणे हा हीटरला पर्याय नव्हे. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

इंधनाच्या टाकीपर्यंत ब्लॉक हीटरची ऊब पोचत नाही. कडक थंडीत डिझेलमधले मेण सुटते, फिल्टर तुंबतो आणि गरम इंजिनही उपाशी राहते. लडाखमधले ट्रकचालक यापायीच टाकीखाली जाळ करत किंवा डिझेलमध्ये रॉकेल मिसळत. नोव्हेंबर 2019 मध्ये इंडियन ऑइलने तिथल्यासाठी पानिपतच्या रिफायनरीतले खास हिवाळी डिझेल आणले; ते उणे 33 अंशांपर्यंत वाहते राहते.