वार आणि बाळाचे वजन

घरात बाळ जन्मले की पहिला प्रश्न ‘मुलगा की मुलगी?’ आणि दुसरा ‘वजन किती?’ वजन कमी निघाले की सर्वांचे बोट बाळंतिणीकडे वळते: हिने नीट खाल्ले नाही, हिने जपले नाही. ज्या अवयवाने इतके महिने बाळाला पोसले, त्या वारेची चौकशी मात्र कोणी करीत नाही. म्हणून तिच्याविषयी चार शब्द लिहावेत, असे आम्हांस वाटले.

पूर्ण दिवसांची वार सुमारे अर्धा किलो वजनाची, वीतभर रुंद आणि जाड भाकरीसारखी चपटी असते. एका अंगाने ती गर्भाशयाला चिकटलेली, तर दुसऱ्या अंगाने नाळेने बाळाशी जोडलेली. तिच्यात आईचे व बाळाचे रक्त अगदी शेजारून वाहते, पण एकमेकांत मिसळत नाही. मधल्या पातळ पडद्यातून प्राणवायू व अन्नरस बाळाकडे जातो आणि बाळाच्या शरीरातील टाकाऊ द्रव्ये आईकडे येतात.

जन्मतः वजन २,५०० ग्रॅमपेक्षा कमी असेल तर जागतिक आरोग्य संघटना त्याला कमी वजन मानते. भारतात २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, वजनाची नोंद झालेल्या बाळांपैकी सुमारे १८ टक्के बाळे अशी होती. याची मुख्य कारणे दोन. बाळ दिवस भरण्यापूर्वी जन्मते, किंवा पोटातच त्याची वाढ खुंटते. दोन्हींत वारेचा हात असू शकतो.

गर्भारपणाच्या सुरुवातीस गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या वारेसाठी रुंद व्हाव्या लागतात. तसे न झाल्यास रक्त कमी पोचते, वारेचे काही भाग निकामी होतात, बाळाची वाढ मंदावते आणि पुष्कळदा आईचा रक्तदाबही वाढतो. कधी वार गर्भाशयाच्या तोंडाशीच बसते, कधी प्रसूतीपूर्वीच सुटू लागते. अशा वेळी रक्तस्राव होऊन बाळंतपण लवकर करावे लागते.

हे दोष पुष्कळदा कोणाच्याही चुकीने होत नाहीत. म्हणून सुनेला बोल लावण्यापूर्वी थांबावे. मात्र काही गोष्टी आपल्या हाती आहेत. मिश्री व तंबाखू हे त्यांतले मोठे उदाहरण. मुंबईत झालेल्या व २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, धूर न होणारी तंबाखू वापरणाऱ्या मातांची बाळे सरासरी १०५ ग्रॅम हलकी आढळली. दात घासण्याची मिश्री ही तंबाखूच होय, हे आमच्या वडीलधाऱ्या भगिनींनी ध्यानी घ्यावे. ‘बाळ मोठे होईल, बाळंतपण अडेल’ म्हणून गर्भवतीला अर्धपोटी ठेवण्याची जुनी समजूतही सोडून द्यावी.

दर तपासणीस रक्तदाब व पोटाची वाढ पाहून घ्यावी. डॉक्टरांनी सांगितल्यास सोनोग्राफी करावी. तिच्या डॉप्लर तपासणीत नाळेतील रक्तप्रवाह कळतो. अंगावरून रक्त गेले, बाळाची हालचाल कमी वाटली, डोके फार दुखले किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर सकाळची वाट न पाहता इस्पितळ गाठावे. लाजेने लपविलेले रक्त दोन जीवांच्या मुळावर येते.

आणि बाळ हलके जन्मलेच, तर त्याला आईच्या उघड्या छातीशी धरावे व अंगावरचे दूध पाजावे. १९७८ साली कोलंबियातील बोगोटा येथे सुरू झालेली ही रीत आज जगभर मान्य आहे. तिला पैसा लागत नाही. लागते ती घरच्यांची साथ. ती देणे हेही धर्मकृत्यच आहे, असे आम्ही मानतो.