मास्तरमोशायांचे हिवाळे

दिवाळी उलटते, तुळशीचं लग्न लागतं, पहाटे अंगावरची गोधडी दूर करावीशी वाटत नाही आणि गावोगावी मांडव पडू लागतात. लग्नं, जत्रा, स्नेहसंमेलनं! या दिवसांत शाळेतल्या चित्रकलेच्या सरांना उसंत म्हणून नसते. नाटकाचा पडदा त्यांनीच रंगवायचा, प्रवेशद्वाराची कमान त्यांनीच उभारायची आणि कुणाच्या लेकीच्या रुखवतासाठी काहीतरी वेगळं सुचवायचं तेही त्यांनीच. गंमत अशी, की वेळापत्रकात तास कमी पडले की सर्वांत आधी कात्री लागते ती याच सरांच्या तासाला.

हिवाळ्यातल्या या धांदलीलाच आपला वर्ग मानणारा एक चित्रकलेचा शिक्षक आपल्या देशात होऊन गेला. त्यांचं नाव नंदलाल बोस. मोठे चित्रकार म्हणून त्यांची कीर्ती आहेच. १९५४ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. पण शांतिनिकेतनात लहानथोर सगळे त्यांना ‘मास्तरमोशाय’ म्हणत. मास्तरमोशाय म्हणजे आपल्याकडचे गुरुजी! १९२२च्या सुमारास त्यांनी तिथल्या कलाभवनाची सूत्रं हाती घेतली आणि १९५१ साली निवृत्त होईपर्यंत ती सांभाळली. या गुरुजींच्या आयुष्यातले दोन महत्त्वाचे हिवाळे महाराष्ट्रात गेले, हे मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असतं.

अजिंठ्याची थंडी

नंदलाल यांचा जन्म ३ डिसेंबर १८८२चा, बिहारमधल्या मुंगेर जिल्ह्यात हवेली खरगपूर इथला. कोलकात्याला अवनींद्रनाथ ठाकूर यांच्याकडे त्यांनी चित्रकलेचे धडे घेतले. १९०९च्या हिवाळ्यात लेडी हेरिंगहॅम ही इंग्रज चित्रकर्ती अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करायला आली, तेव्हा मदतीसाठी जे तरुण भारतीय चित्रकार गेले, त्यांत सत्तावीस वर्षांचे नंदलाल होते. सोबत त्यांचे मित्र असितकुमार हालदार होते.

अंधाऱ्या लेण्यांतल्या त्या भिंतींपुढे बसून रेष न् रेष उतरवून घेताना या तरुणांना जे शिकायला मिळालं, ते कुठल्याही कलाशाळेत मिळालं नसतं. अजिंठ्याच्या भिंतींवर आपल्याला कुणा चित्रकाराचं नाव ठळकपणे मिरवताना दिसत नाही. ते काम अनेक हातांचं आहे आणि ते केलेलं आहे तिथे जमणाऱ्या माणसांसाठी. पुढे नंदलाल यांनी आयुष्यभर जे केलं, त्याचं मूळ तिथे शोधता येतं.

लखनौहून फैजपूरला

त्यानंतर पाव शतकाहून अधिक काळ लोटला. १९३६च्या एप्रिलमध्ये लखनौला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. त्या वेळी लखनौच्या सरकारी कलाशाळेचे प्राचार्य होते तेच, अजिंठ्याचे सोबती असितकुमार हालदार. अधिवेशनाच्या जोडीने खादी आणि ग्रामोद्योगांचं प्रदर्शन होतं. त्यातला भारतीय कलेचा विभाग नंदलाल यांनी उभा करावा, असं गांधीजींनी सुचवलं. मास्तरमोशाय विद्यार्थ्यांना घेऊन लखनौला पोचले. प्रदर्शन गांधीजींच्या मनास आलं. इतकं, की पुढच्या अधिवेशनाच्या वेळी त्यांनी आणखी मोठं काम पुढ्यात टाकलं.

ते अधिवेशन खेडेगावात भरायचं होतं. तोवर काँग्रेस भरत आली ती शहरांत. या वेळी निवड झाली ती त्या वेळच्या पूर्व खानदेशातल्या, आजच्या जळगाव जिल्ह्यातल्या फैजपूरची. सातपुड्याच्या पायथ्याचं, केळी-कापसाच्या मुलखातलं गाव. स्वागत समितीची धुरा शंकरराव देव यांच्याकडे होती. धनाजी नाना चौधरी यांच्यासारखे स्थानिक कार्यकर्ते राबत होते आणि साने गुरुजी खानदेशात गावोगाव हिंडून लोकांना हाक देत होते.

हजारो माणसांसाठी अख्खं नगर उभारायचं आणि तेही नंदलाल यांनी! ते तर गडबडूनच गेले. आपण चित्रकार, आपल्याला बांधकामातलं काय कळतं, असं त्यांनी गांधीजींना कळवलं. गांधीजी बधले नाहीत. त्यांना नामांकित उस्ताद नको होता, जीव ओतून वाजवणारा गडी हवा होता. त्यांची अट मात्र पक्की होती. जे काही उभं राहील, ते त्या परिसरात मिळणाऱ्या वस्तूंतून आणि तिथल्या माणसांच्या हातून उभं राहिलं पाहिजे. बाहेरून भपका आणायचा नाही.

नंदलाल यांनी वास्तुतज्ज्ञ म्हात्रे यांच्या जोडीने कामाला हात घातला. बांबू, चटया, गवत, खादी... खेड्यातल्या माणसाच्या रोजच्या वापरातल्याच वस्तू. नगराला नाव दिलं टिळकनगर. डिसेंबरच्या कडाक्याच्या थंडीत ते उभं राहिलं आणि २७ व २८ डिसेंबर १९३६ला तिथे जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली अधिवेशन पार पडलं. अध्यक्षांच्या मिरवणुकीसाठी मोटार नव्हती. बैलांच्या जोड्यांनी ओढायचा रथ होता आणि तो सजवला होता नंदलाल यांनी.

२५ डिसेंबरला प्रदर्शनाचं उद्घाटन करताना गांधीजींनी या कामाचं मनापासून कौतुक केलं. देवाने मला कलेची जाण दिली, पण ती साकार करणारी साधनं दिली नाहीत. नंदबाबूंना त्याने दोन्ही दिलं आहे, अशा आशयाचं ते बोलले.

या घटनेचं मोल कशात आहे? बांबू चिरणारा बुरूड, लाकूड तासणारा सुतार, सण आला की भिंत सारवून तिच्यावर चित्रं काढणारी बाई, यांच्या कामाला तोवर कुणी कला म्हटलं नव्हतं. फैजपूरच्या मांडवात देशभरातून आलेले पुढारी त्याच बांबूकडे, त्याच चटईकडे मान वर करून पाहत होते. आपल्या हातातलं कसब हे कसब आहे, हे खेड्याला दाखवून देणं हाच त्या हिवाळ्याचा धडा होता.

अधिवेशन संपलं, मांडव उतरला. टिळकनगराचे बांबू पुन्हा बांबू झाले.

हरिपुऱ्याची चित्रं

पुढचं अधिवेशन फेब्रुवारी १९३८मध्ये गुजरातेत बार्डोलीजवळच्या हरिपुऱ्याला भरलं. अध्यक्ष होते सुभाषचंद्र बोस. सजावट अर्थातच मास्तरमोशायांकडे. या वेळी त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी हातकागदावर साध्या रंगांत चारशेच्या आसपास चित्रं केली. त्यांतली ऐंशीहून अधिक एकट्या नंदलाल यांच्या हातची. कुठे ढोलवाला, कुठे चांभार, कुठे सुतार, कुठे स्वयंपाकात गढलेली बाई, कुठे मूल कडेवर घेतलेली आई. रेषा जाड, रंग मोजके. रस्त्याने जाणाऱ्या माणसाला क्षणभर थांबून कळावं, असं चित्र.

ही चित्रं एखाद्या दालनात जपून ठेवायची म्हणून काढलेलीच नव्हती. ती कमानींवर, मांडवांवर वाऱ्यात लावलेली होती. आज त्यांतली कित्येक दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहेत आणि आधुनिक भारतीय कलेचा इतिहास त्यांच्यावाचून पुरा होत नाही.

घरच्यांची साथ

एवढा व्याप सांभाळणाऱ्या माणसाचं घर कसं असेल? नंदलाल यांच्या बाबतीत घर आणि वर्ग यांच्यात भिंतच नव्हती. थोरली लेक गौरी कलाभवनातच शिकली. रवींद्रनाथांच्या ‘नटीर पूजा’ नाटकात तिने नटीची भूमिका केली आणि पुढे नंदलाल यांनी हेच नाटक भित्तिचित्राचा विषय म्हणून घेतलं. गौरी भंज या नावाने त्यांनी कलाभवनात वर्षानुवर्षं अल्पना शिकवली. अल्पना म्हणजे बंगालची रांगोळी, तांदळाच्या पिठाच्या ओल्या रेघांची. शांतिनिकेतनातला कुठलाही समारंभ तिच्यावाचून होत नसे. धाकटी लेक जमुना सेन याही कलाभवनात हस्तकला शिकवत. मुलगा विश्वरूप जपानला जाऊन लाकडी ठशांची छपाई शिकून आला आणि तोही तिथेच शिक्षक झाला.

स्वतः नंदलाल यांच्या खिशात कोरी पोस्टकार्डं असत. प्रवासात दिसलेलं झाड, बकरी, बाजाराला निघालेली बाई कार्डावर उतरायची आणि कुणा विद्यार्थ्याच्या किंवा घरातल्या मुलाच्या नावाने टपालपेटीत पडायची. पत्राचा मजकूर दोन ओळींचा, पण चित्र पाहून खुशाली कळायची.

हेच सारं गोत पुढे एका ऐतिहासिक कामाला जुंपलं गेलं. भारताच्या राज्यघटनेची मूळ हस्तलिखित प्रत प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी सुंदर अक्षरांत लिहिली आणि तिची पानं सजवली नंदलाल आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी. त्यात गौरी, जमुना, विश्वरूप होते, जबलपूरचे ब्योहार राममनोहर सिन्हा होते आणि मराठी चित्रकार विनायक मासोजी होते. मोहेंजोदडोच्या मुद्रेपासून सुरू होणाऱ्या त्या चित्रमालिकेत शिवाजी महाराजही आहेत. २४ जानेवारी १९५०ला घटना समितीच्या सदस्यांनी या प्रतीवर सह्या केल्या. तोही हिवाळाच!

वाढदिवसाची जत्रा

१६ एप्रिल १९६६ला मास्तरमोशाय गेले. त्यांचं स्मारक कसं करावं, याचं उत्तर मिळालं ते धारवाडला जन्मलेल्या एका शिष्याकडून. दिनकर कौशिक त्यांचं नाव. १९४०च्या सुमारास ते शांतिनिकेतनात शिकायला गेले. पुढे साठच्या दशकात ते लखनौच्या त्याच कला महाविद्यालयाचे प्राचार्य झाले, जिथे एके काळी असितकुमार हालदार होते. तिथून ते कलाभवनाचे प्रमुख म्हणून शांतिनिकेतनात परतले.

त्यांच्याच कारकिर्दीत, १९७३ साली, ‘नंदन मेळा’ सुरू झाला. नंदलाल यांच्या वाढदिवसाच्या आधीचे दोन दिवस, १ आणि २ डिसेंबर. विद्यार्थी आणि शिक्षक यांनी मिळून वस्तू बनवायच्या, दुकानं मांडायची, स्वतःच विकायच्या. दैनंदिन्या, दिनदर्शिका, मातीची भांडी, छापचित्रं. नामवंत चित्रकार आणि पहिल्या वर्षाचा पोरगा एकाच मांडवात. येणारा पैसा गरजू विद्यार्थ्यांच्या आजारपणाला, अडीअडचणीला. गुरूच्या नावाने पुतळा उभारण्यापेक्षा ही गुरुदक्षिणा खचितच अधिक शोभणारी!

मागे काय उरतं?

शिक्षणात कलेचं स्थान काय, यावर नंदलाल यांनी एक निबंध लिहिला आहे. त्यात ते दोन घरांकडे बोट दाखवतात. एक गरीब संथाळाची झोपडी. मातीची भांडी आणि फाटकी गोधडी, पण सगळं जागच्या जागी, नीटनेटकं. दुसरी वसतिगृहातली सुशिक्षित मुलांची खोली. कपडे महागाचे, पण पसारा पाहवत नाही. सौंदर्यदृष्टीचा पैशाशी संबंध नाही, तिचा संबंध सवयीशी आहे, आणि ती सवय लहानपणीच लागते, हे त्यांचं सांगणं.

आपल्याकडे हे बीज रुजलंही. नंदलाल यांचे शिष्य देवीप्रसाद १९४४ साली वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला आले आणि ‘नयी तालीम’च्या शाळेत त्यांनी खेड्यातल्या मुलांच्या हाती रंग दिले. त्या अनुभवातून मुलांच्या कलाशिक्षणावर त्यांनी लिहिलेलं पुस्तक शिक्षकांनी आजही वाचावं असं आहे.

२०१८ साली महाराष्ट्रात थर्माकोलवर बंदी आली, तेव्हा गणपतीची मखरं आता कशाची करायची, असा प्रश्न घरोघरी पडला. फैजपूरला त्याचं उत्तर ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वीच मिळालं होतं : जवळ जे आहे त्याचं, आणि सगळ्यांनी मिळून. फक्त ते शिकवणारं कुणीतरी लागतं. म्हणून यंदा शाळेच्या स्नेहसंमेलनात चित्रकलेच्या सरांनी उभारलेली कमान आवडली, तर ‘छान झाली हो’ म्हणून निघून जाऊ नका. मुख्याध्यापकांकडे जा आणि विचारा, आमच्या मुलांचे चित्रकलेचे तास आठवड्याला किती? उत्तर समाधानकारक नसेल, तर पालक सभेत तो विषय पुन्हा काढा!