हलक्या पानांचा डाव

पत्त्यांच्या बहुतेक खेळांत एक्का, राजा, राणी हाती आली की खेळणारा खूश होतो आणि दुर्री-तिर्री आली की तोंड वाकडे करतो. पोकरच्या घराण्यातला ‘रॅझ’ हा खेळ नेमका उलटा आहे. यात ज्याची पाने सर्वांत हलकी, तो डाव जिंकतो. हा खेळ अमेरिकेतला. लास व्हेगास येथे भरणाऱ्या ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’ या स्पर्धेत १९७१ सालीच त्याला जागा मिळाली होती.

शिक्षकांच्या मासिकात पोकर कशासाठी, असे काहींना वाटेल. संभाव्यतेचा धडा शिकवताना आपण नाणे आणि फासा यांच्यापुढे सहसा जात नाही. फासा कितीही वेळा टाकला तरी पुढच्या खेपेस त्याच सहा शक्यता असतात. पत्त्यांत तसे नसते. एकदा दिसलेले पान त्या डावात परत येत नाही, म्हणून प्रत्येक उघड्या पानाबरोबर उरलेल्या शक्यता बदलतात. रॅझमध्ये बरीच पाने सर्वांसमोर उघडी असतात. त्यामुळे ‘माहिती मिळाली की संभाव्यता बदलते’ ही अवघड गोष्ट यात डोळ्यांना दिसते.

खेळाचे नियम

प्रत्येक खेळाडूला एकूण सात पाने मिळतात. पहिली दोन झाकलेली, पुढची चार उघडी आणि शेवटचे सातवे पुन्हा झाकलेले. सुरुवातीला तीन पाने (दोन झाकलेली, एक उघडे) वाटली जातात आणि पैज लावण्याची पहिली फेरी होते. त्यानंतर एकेक पान येते व प्रत्येक पानानंतर एक फेरी होते. पहिल्या फेरीत ज्याचे उघडे पान सर्वांत भारी असेल त्याला सुरुवातीची छोटी पैज लावावीच लागते. नंतरच्या फेऱ्यांत ज्याची उघडी पाने सर्वांत हलकी, तो प्रथम बोलतो. ज्याला पुढे जायचे नाही त्याने पाने टाकून द्यायची.

शेवटी सातांपैकी कोणतीही पाच पाने निवडून सर्वांत हलका संच करायचा. एक्का म्हणजे १. ओळीने आलेली किंवा एकाच रंगाची पाने असली तरी त्याने काही बिघडत नाही. जोडी मात्र घातक आहे. पाचांत जोडी असलेला संच बिनजोडीच्या कोणत्याही संचापुढे हरतो.

दोन संचांची तुलना करण्याची एक सोपी युक्ती आहे. पाने मोठ्याकडून लहानाकडे मांडून एक संख्या तयार करायची. ८-४-३-२-१ म्हणजे ८४३२१ आणि ७-६-५-४-३ म्हणजे ७६५४३. लहान संख्या जिंकते, म्हणजे येथे दुसरा संच. सर्वांत उत्तम संच अर्थातच ५४३२१.

पहिली तीन पाने

नवशिक्याला पहिला सल्ला असा दिला जातो : तिन्ही पाने वेगवेगळी असावीत आणि अठ्ठीपेक्षा भारी एकही नसावे. नाहीतर पाने टाकून द्यावीत. असे हात किती वेळा येतात?

५२ पानांतून ३ पाने निवडण्याचे प्रकार २२,१०० आहेत. एक्का ते अठ्ठी या आठ प्रकारांतून तीन वेगळे प्रकार ५६ रीतींनी निवडता येतात. त्या प्रत्येक पानाचे रंग चार, म्हणून ५६ × ४ × ४ × ४ = ३,५८४. या दोन संख्यांचे गुणोत्तर सुमारे ०.१६२ येते. म्हणजे साधारणपणे सहा वाटपांत एकदाच खेळण्याजोगी पाने येतात. तिन्ही पाने पंजी किंवा त्याहून हलकी हवीत असा हट्ट धरला, तर प्रकार उरतात फक्त ६४०, म्हणजे शेकडा तीनपेक्षाही कमी.

याचा अर्थ नीट पाहा. नियम पाळणाऱ्याने सहापैकी पाच वेळा स्वस्थ बसायचे आहे. नवशिक्याला हेच जमत नाही. खेळायला बसलो आणि खेळलोच नाही, असे त्याला वाटते. मग एक्का, दुर्री आणि राणी अशी पाने घेऊन ‘दोन तर चांगली आहेत’ म्हणत तो पुढे जातो. पण पाच हलकी पाने हवी असताना त्याची दोनच झालेली असतात. उरलेल्या चार पानांत आणखी तीन, तीही जोडी न होता, यावी लागतात.

उघड्या पानांकडे पाहा

दुसरा सल्ला अधिक महत्त्वाचा आहे. आपल्या पानांइतकेच दुसऱ्यांच्या पानांकडे लक्ष द्या.

समजा सहा जण खेळत आहेत. आपल्याकडे चार पानांनंतर एक्का, दुर्री, चौकी आणि सत्ती आहे. संच आठपर्यंतच ठेवायचा तर तिर्री, पंजी, छक्की किंवा अठ्ठी यांपैकी एक पान हवे. अशी पाने १६. अजून तीन पाने यायची आहेत. दुसऱ्यांच्या पानांकडे पाहिलेच नाही, तर आपल्याला न दिसलेली पाने ४८. त्यांतील ३२ निरुपयोगी. तिन्ही पाने निरुपयोगी येण्याची संभाव्यता ३२/४८ × ३१/४७ × ३०/४६ = ०.२९, म्हणून यशाची संभाव्यता ०.७१.

आता डोळे उघडू. इतर पाच जणांचे एकेक उघडे पान दिसले होते. त्यांपैकी दोघांनी पाने टाकली आणि उरलेल्या तिघांना दुसरे उघडे पान मिळाले. म्हणजे दुसऱ्यांची आठ पाने आपण पाहिली आहेत. न दिसलेली उरली ४०.

प्रकार पहिला : दिसलेली आठ पाने राजा, राणी, दश्शी, एक्का, दुर्री, चौकी, सत्ती आणि तिर्री. यांत आपल्या कामाची एकच, तिर्री. ४० पानांत कामाची १५ उरली. यशाची संभाव्यता ०.७७.

प्रकार दुसरा : दिसलेली पाने दोन तिऱ्या, दोन पंज्या, दोन अठ्ठ्या, एक छक्की आणि राजा. कामाची सात पाने गेली, ४० मध्ये नऊच उरली. यशाची संभाव्यता ०.५५.

आपल्या हातातली पाने दोन्हीकडे तीच आहेत, तरी संभाव्यता एकीकडे ७७ टक्के आणि दुसरीकडे ५५ टक्के. पहिल्या प्रकारातील आणखी एक गंमत पाहा. दुसऱ्यांकडे एक्का, दुर्री, चौकी, सत्ती उघडी दिसली ही आपल्यासाठी आनंदाची बातमी आहे, कारण आपल्या पानांशी जोडी करून घात करणारी पाने गठ्ठ्यातून कमी झाली. भारी पानांच्या पोकरमध्ये जोडी हवी असते, म्हणून तिथे हेच दृश्य पाहून खेळाडू निराश होतो.

पाने टाकून देणारे आपली उघडी पानेही पालथी करतात. ती लक्षात ठेवावी लागतात. रमी खेळणाऱ्याला कोणती पाने खाली पडली हे ध्यानात ठेवण्याची सवय असते, तशीच ही सवय.

येथे चांगला विद्यार्थी हमखास एक शंका काढील. ‘४० न दिसलेल्या पानांपैकी काही दुसऱ्यांच्या हातात झाकलेली आहेत. ती आपल्याला येणारच नाहीत. मग भागायचे ४० ने कसे?’ शंका मोलाची आहे. झाकलेले पान गठ्ठ्यात आहे की दुसऱ्याच्या हातात, हे आपल्याला माहीत नाही. आपल्या दृष्टीने ४० पैकी कोणतेही पान कोणत्याही जागी असू शकते. गठ्ठ्यातली खालची पाने तरी आपल्याला कुठे येणार असतात? त्यांना आपण मोजतोच. संभाव्यता ही पानाच्या जागेवर नव्हे, तर आपल्या माहितीवर अवलंबून असते.

यावरही एक बारीक दुरुस्ती आहे. जो खेळाडू पाने न टाकता पुढे आला, त्याच्याकडे झाकलेली पानेही हलकी असण्याची शक्यता जास्त. म्हणजे त्याचे वागणे हीसुद्धा माहितीच. ती आकड्यांत बसवणे कठीण असते, पण आपले उत्तर खऱ्यापेक्षा थोडे आशावादी आहे हे त्यावरून कळते.

झालेला संच आणि होणारा संच

पाच पानांनंतर एकाकडे ९-८-७-६-५ असा पूर्ण संच आहे. दुसऱ्याकडे ४-३-२-१ आणि एक राजा. कोणाची बाजू वरचढ? बहुतेक जण पहिल्याची म्हणतील. दोघांचीही सर्व पाने आपल्याला दिसत आहेत असे धरून मोजू. न दिसलेली पाने ४२. दुसऱ्याला पंजी ते नव्वीपैकी एक पान हवे. अशी २० पाने, त्यांतील पाच पहिल्याकडे, उरली १५. दोन पानांत त्यांपैकी निदान एक येण्याची संभाव्यता १ - (२७/४२ × २६/४१) = ०.५९. पहिल्याचाही संच सुधारू शकतो. ते जमेस धरले तरी दुसऱ्याची बाजू सुमारे ५४ टक्के राहते. आज पुढे असणे आणि शेवटी जिंकण्याची शक्यता जास्त असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अर्थात ५४ टक्के म्हणजे शंभरात ४६ वेळा हार. योग्य निर्णय घेऊनही डाव जाऊ शकतो आणि चुकीचा निर्णय घेऊनही मिळू शकतो. एका डावाच्या निकालावरून निर्णयाची पारख होत नाही. ‘पाच वेळा हरलो, आता नशीब फिरणारच’ या समजुतीला तर कोणताच आधार नाही. पत्ते नव्याने पिसले की आधीच्या डावांचा मागमूस उरत नाही.

पैशांविषयीही स्पष्ट बोलायला हवे. जुगारघर प्रत्येक डावातून आपला वाटा कापून घेते, म्हणून सारखेच कुशल खेळाडू एकत्र बसले तर दीर्घकाळात सरासरीने सर्वच हरतात. वरचे गणित तोटा कमी करते, फायद्याची हमी देत नाही. आपल्या देशात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने २०२५ मध्ये केला. त्याआधी या खेळांच्या जाहिराती मुलांनी फोनवर भरपूर पाहिल्या आहेत. केवळ ‘जुगार वाईट’ म्हणण्यापेक्षा हे आकडे त्यांच्याकडूनच काढून घेतले तर ते अधिक पटेल.

वर्गात करून पाहा

पत्ते वर्गात नको असतील तर चार रंगांच्या कागदांवर १ ते १३ आकडे लिहून ५२ चिठ्ठ्या करा. चिठ्ठ्या नीट मिसळून तीन काढा, वेगवेगळ्या आणि आठपर्यंतच्या आहेत का पाहा, नोंद करा, परत मिसळा. चाळीस मुलांनी प्रत्येकी पाच वेळा केले की २०० नोंदी होतील. गणिताप्रमाणे ३२ च्या आसपास यश मिळायला हवे. २२ ते ४२ यांच्या बाहेर आकडा क्वचितच जाईल. बहुतेक मुलांना पाचांत एकही यश मिळणार नाही किंवा एखादेच मिळेल, एखाद्याला तीनही. त्या मुलाला ‘नशीबवान’ म्हणण्याआधी त्याच्याकडून आणखी पाच वेळा चिठ्ठ्या काढून घ्या आणि दोन्ही वेळचे आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहा.