नेमबाजी, व्यावहारिक : टप्प्यांचे नियोजन व स्मरण
हालचाल करीत व आडोशांमागून अनेक लक्ष्ये टिपण्याचा क्रीडाप्रकार. त्याची आंतरराष्ट्रीय संघटना १९७६ मध्ये अमेरिकेत स्थापन झाली. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविलेल्या ५० मी. रायफल प्रकारात लक्ष्य व अंतर ठरलेले असते. व्यावहारिक नेमबाजीत मात्र प्रत्येक टप्प्याची मांडणी निराळी असते. गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागून क्रम लावतात. त्यामुळे वाटेत थांबून विचार करणे परवडत नाही. म्हणून आधीच्या पाहणीत स्पर्धक लक्ष्ये मोजतो, उभे राहण्याच्या व मॅगझीन बदलण्याच्या जागा ठरवितो आणि सर्व क्रम मनात घोळवून पाठ करतो. विसरलेल्या लक्ष्याचे गुण वजा होतात; गोंधळून शस्त्राचे तोंड सुरक्षित कोनाबाहेर वळल्यास स्पर्धक बाद होतो. स्मरण हे अशा प्रकारे वेगाइतकेच सुरक्षिततेचेही साधन ठरते.