शेवटच्या घासावर आळ

गैरसमज : उलट्या-जुलाब झाले, म्हणजे शेवटी जे खाल्लं तेच बाधलं.

मुंबई–कोलकाता महामार्गावरच्या कोहमाऱ्यात हे वारंवार ऐकावं लागतं. प्रवासी ढाब्यावर जेवतो, पुढच्या गावी पोट बिघडतं आणि खापर ढाब्यावर फुटतं. आदल्या दिवशी किनाऱ्यावर कच्ची कालवं खाल्ली होती, हे सांगायचं कुणाला सुचतच नाही. डॉक्टरांनीही "आज काय खाल्लं?" एवढंच विचारलं, तर खरं कारण कायमचं निसटतं.

वस्तुस्थिती : प्रत्येक जंतू आपला वेळ घेतो. स्टॅफिलोकोकसच्या विषानं साधारण 1 ते 6 तासांत उलट्या होतात. नोरोव्हायरसला 12 ते 48 तास लागतात. शिंपल्यांतून येणाऱ्या व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकसची लक्षणं बहुधा दिवसभरात दिसतात. आणि हिपॅटायटिस ए? 15 ते 50 दिवस!

शंका असेल त्यांनी 1988 सालचं शांघाय आठवावं. काही आठवड्यांत जवळपास 3 लाख लोकांना हिपॅटायटिस ए झाला. सांडपाण्यानं दूषित झालेल्या पाण्यातले शिंपले नुसते गरम पाण्यात बुडवून अर्धकच्चे खाल्ले गेले होते. कावीळ दिसेपर्यंत ते खाऊन कित्येक दिवस लोटले होते. शेवटच्या जेवणाची चौकशी करून तिथे काय हाती लागलं असतं?

म्हणून साथीचा तपास करणारे आजारी माणसांइतकंच धडधाकट माणसांनाही विचारतात. समजा, शिंपले खाल्लेल्या 40 जणांपैकी 30 आजारी पडले आणि न खाल्लेल्या 60 पैकी फक्त 3. मग संशय शिंपल्यांवरच जातो, भात सगळ्यांनी खाल्लेला असला तरी. संशयाला पुरावा मिळतो तो शौचाच्या आणि उरलेल्या अन्नाच्या नमुन्यांतून. आणि आपण काय करतो? बदनामीच्या भीतीनं अन्न फेकतो, भांडी घासून ठेवतो. हा हट्ट आता सोडायलाच हवा.

आणखी काही गैरसमज :

"वास चांगला होता." रोगजंतू असलेल्या शिंपल्याला वास येईलच असं नाही.

"लिंबू पिळलं होतं." लिंबानं मांस पांढरं पडतं, विषाणू मरतीलच असं नाही.

"शिंपला उघडला, म्हणजे शिजला." हिपॅटायटिस एच्या विषाणूसाठी आतलं मांस 90 अंश सेल्सिअसला दीड मिनिट तापावं लागतं.

"उकळलं की सगळं मरतं." जंतू मरतात, पण शेवाळांतून शिंपल्यांत साठणारं सॅक्सिटॉक्सिन उकळून जात नाही. केरळातल्या विझिंजमला 1997 मध्ये अशाच विषबाधेनं 7 जण दगावले.

"इथे समुद्र कुठे आहे?" बर्फातला माल आणि प्रवासातली माणसं दोन्ही महामार्गानंच येतात.

पोट बिघडलं तर गेल्या तीन दिवसांचं खाणं लिहून काढा. कावीळ असेल तर गेल्या दीड-दोन महिन्यांचं. एकाच जेवणानंतर अनेकजण आजारी पडले, तर उरलेलं अन्न झाकून थंड जागी ठेवा आणि लगेच प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा. एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम 2004 पासून यासाठीच आहे. वेळेत कळवलं, तर त्याच मालातले शिंपले पुढच्या ताटात जाण्याआधी थांबवता येतात.