पर्स मोडीत काढली तर?

पुण्याच्या नारायण पेठेतल्या सराफाकडे दागिना घेताना जो हिशेब होतो, तो मराठी घरांत सगळ्यांनाच पाठ असतो. वजन किती, आजचा भाव काय, घडणावळ किती लावली आणि उद्या मोडीत घालायची वेळ आली तर घट किती धरणार? सांगलीत 1832 साली सुरू झालेल्या गाडगीळांच्या पेढीचं लक्ष्मी रस्त्यावरचं दुकान याच पेठेत आहे. असल्या दुकानातला तराजू परदेशी नावाच्या पर्सला लावला तर काय हाती लागतं? 2024 साली मिलानच्या न्यायालयासमोर ‘दिओर’च्या उपकंत्राटदारांचं प्रकरण आलं. दुकानात 2,600 युरोला विकली जाणारी पर्स शिवून देण्याचे पुरवठादाराला 53 युरो मिळत होते, असं त्या कागदपत्रांत निघालं. म्हणजे तेव्हाच्या दराने दोन लाखांच्या वर किंमत असलेल्या वस्तूची घडणावळ पाच हजारांच्या आत. चामड्याचा खर्च यात धरलेला नव्हता, हे खरं. पण तो धरला, दुकानाचं भाडं आणि जाहिरातही धरली, तरी उरते ती नावाची किंमत. ती काही तराजूत पडत नाही.

सगळ्यांना एका मापाने मोजू नये, हेही मान्य. ‘एर्मेस’ची बर्किन पर्स एकच कारागीर सुरुवातीपासून शेवटपर्यंत हाताने शिवतो, एका दोऱ्याला दोन सुया लावून. पण मग असली कारागिरी वापरणारीच्या किती कामाला येते, हे तरी पाहावं. मुलांचं सामान मावेल अशी पर्स मिळत नाही, या जेन बर्किन या अभिनेत्रीच्या विमानातल्या तक्रारीतून ही पर्स 1984 साली जन्माला आली. तिच्यासाठी केलेल्या पहिल्या पर्सला खांद्यावर घ्यायचा पट्टा होता. विक्रीला आलेल्या बर्किनमधून नेमका तोच गेला. राहिले दोन आखूड मूठपट्टे, त्यावर झाकण, पुढे फिरकी. पाकीट काढायला दोन्ही हात हवेत. पर्स फार जड होते, हे पुढे खुद्द जेनबाईंनीच सांगितलं होतं. आता ती घेऊन जुलैत केळकर रस्त्यावरून ॲक्टिव्हावर निघा. पायाशी ठेवली तर चिखल उडतो, डिकीत मावत नाही, हँडलला अडकवली तर वळताना गुडघ्यावर आपटते. ‘लुई व्हिताँ’च्या बऱ्याच पर्सना तर कच्च्या, लेप न दिलेल्या चामड्याचे मूठपट्टे असतात, त्यांवर पावसाच्या थेंबाचाही डाग पडतो. आणि पावसाळाभर कपाटात ठेवलेल्या चामड्याला बुरशी धरते, मग ते पॅरिसचं असो की कोल्हापूरचं. तुळशीबागेतली चेन आणि लांब पट्टा असलेली पर्स या सगळ्यातून बिनतक्रार पार होते.

म्हणून ‘इतकी महाग आणि तरी गैरसोयीची’ हे म्हणणंच मला उलटं वाटतं. गैरसोयीची आहे म्हणूनच ती हवीशी आहे. मला भाजी आणायची नाही, गाडी दुसरा कुणी चालवतो, माझा एक हात दिवसभर अडकून राहिला तरी माझं काही अडत नाही, एवढं सगळं ती न बोलता सांगते. थॉर्स्टीन व्हेब्लेन या अर्थशास्त्रज्ञाने 1899 सालीच श्रीमंतांच्या पोशाखाबद्दल हे लिहून ठेवलं आहे: कपड्यात काम करता येऊ नये, हाच त्या कपड्याचा उपयोग. यावर कुणी म्हणेल, मग आपली नथ काय सोयीची आहे? जेवताना आड येते, सर्दी झाली की नको होते. पैठणी तरी कोण रोज नेसतं? आक्षेप रास्त आहे. दिखाव्याची हौस आपल्याला फ्रेंचांनी शिकवलेली नाही. फरक पुढचा आहे. नथ मोडली तर सोनं हाती येतं, पैठणी विरली तरी तिच्या काठपदराचं परकर-पोलकं होतं. पर्सचं काय होणार?

गुंतवणूक होते, असं हल्ली ऐकू येतं. काही मोजक्या बर्किन जुन्या बाजारात दुकानापेक्षा चढ्या भावाने जातात, ही गोष्ट खोटी नाही. मात्र तो भाव यायचा तर पर्स शक्यतो कोरी हवी, कागद भरून, खोक्यात ठेवलेली. म्हणजे न वापरण्याची गुंतवणूक. अपवाद एकच मोठा आहे. जेन बर्किनने वर्षानुवर्षं वापरलेली, डागाळलेली, नेलकटर लटकवलेली ती पहिली पर्स जुलै 2025 मध्ये पॅरिसच्या लिलावात 86 लाख युरोंना, म्हणजे सुमारे 86 कोटी रुपयांना गेली. पण ती किंमत जेनबाईंची. आपल्या वापराने आपल्या पर्सचा भाव तेवढा उतरतो.

पर्स ही वापरायची वस्तू उरलेली नाही, हे आयकर खात्याला आधीच कळलेलं दिसतं. 22 एप्रिल 2025 पासून 10 लाखांवरच्या पर्सवर विक्रेत्याने एक टक्का कर गोळा करायचा आहे. त्या यादीत पर्सच्या सोबतीला आहेत चित्रं, हेलिकॉप्टर आणि शर्यतीचे घोडे.